दुबळ्या राजाची फौज : फ्रान्सचा सातवा शार्ल

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात झाँ फूके या चित्रकाराने रंगवलेले एका राजाचे व्यक्तिचित्र आहे. लांबट नाक, जड पापण्यांचे थकलेले डोळे, खांद्यांत भरणी घातलेला लाल अंगरखा, डोक्यावर रुंद काठाची निळी टोपी. तलवार नाही, मुकुटही नाही. चौकटीवर मात्र लिहिले आहे : 'फ्रान्सचा अतिविजयी राजा'. हा सातवा शार्ल. जोन ऑफ आर्कच्या कथेत तो भेटतो तो बहुधा भित्रा आणि कृतघ्न राजा म्हणून, आणि तिथेच आपण त्याला सोडून देतो. पण जोनच्या मृत्यूनंतर तो आणखी ३० वर्षे जगला, आणि शतवार्षिक युद्ध त्याच काळात संपले. कसे संपले, हा आजच्या धाग्याचा विषय.

शार्लचा जन्म १४०३ चा. वडील सहावे शार्ल वेडाच्या झटक्यांनी ग्रस्त होते. आपले शरीर काचेचे आहे असे त्यांना वाटे. राजाच शुद्धीवर नसल्याने राजघराण्यातील दोन गट, बर्गंडीचे ड्यूक आणि आर्मान्याक पक्ष, सत्तेसाठी एकमेकांच्या जिवावर उठले होते. त्यातच १४१५ मध्ये इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने आझँकूरला फ्रेंच सरदारांचा संहार केला. शार्लचे थोरले भाऊ एकामागून एक वारले आणि चौदाव्या वर्षी तो युवराज झाला. पुढच्याच वर्षी बर्गंडीच्या सैनिकांनी पॅरिस घेतले, तेव्हा एका विश्वासू सेवकाने त्याला रातोरात बाहेर काढले.

यानंतर घडले ते मोंतरोच्या पुलावर. १० सप्टेंबर १४१९ रोजी समेटाच्या बोलणीसाठी आलेला बर्गंडीचा ड्यूक झाँ युवराजाच्या माणसांच्या हातून, युवराजाच्या डोळ्यांदेखत मारला गेला. आज्ञा शार्लची होती की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहे. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. संतापलेला बर्गंडी इंग्लंडला जाऊन मिळाला. १४२० च्या त्र्वा येथील तहाने पाचवा हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला आणि शार्ल आपल्याच पित्याच्या सहीने वारसाहक्काला मुकला. १४२२ मध्ये हेन्री आणि सहावा शार्ल हे दोघेही वारले. पॅरिसमध्ये राजा म्हणून नाव घेतले जाऊ लागले ते एका तान्ह्या इंग्रज मुलाचे. लुआर नदीच्या दक्षिणेला उरलेल्या शार्लला विरोधक 'बूर्जचा राजा' म्हणून हिणवू लागले.

जोनची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. मे १४२९ मध्ये ओर्लेआँचा वेढा उठला, जूनमध्ये पाते येथे इंग्रजांचा मोड झाला आणि १७ जुलैला रँसच्या कॅथेड्रलमध्ये शार्लला राज्याभिषेक झाला. पुढल्या वर्षी ती पकडली गेली. तिला सोडवण्यासाठी राजाने काही ठोस केल्याचे दिसत नाही. ३० मे १४३१ रोजी रूआँमध्ये तिला जाळण्यात आले. या मौनाचे समर्थन करता येईल असे मला वाटत नाही. पण राज्याभिषेक म्हणजे विजय नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते; नॉर्मंडी, पॅरिस आणि बोर्दो तेव्हाही इंग्रजांकडेच होते.

शार्लचे पहिले मोठे यश तलवारीचे नव्हतेच. १४३५ मध्ये आरास येथे त्याने बर्गंडीच्या नव्या ड्यूकशी, म्हणजे खून झालेल्या झाँच्या मुलाशी, तह केला. त्यासाठी खुनाचे प्रायश्चित्त करण्याचे मान्य केले आणि कित्येक शहरे सोडून दिली. मानहानी मोठी होती, पण इंग्रजांचा मुख्य आधार तुटला. वर्षभरात पॅरिस हाती आले.

आणि खरी अडचण इथेच सुरू झाली. त्या काळी सैन्य मोहिमेपुरते जमवत. मोहीम संपली, पगार थांबला, की तेच सैनिक टोळ्या करून गावे लुटत. आपल्याकडच्या पेंढाऱ्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार. फ्रेंच शेतकऱ्यांनी त्यांना नाव दिले होते 'कातडे सोलणारे', कारण अंगावरचे कपडेही ते ठेवत नसत. शत्रू आणि राजाचा सैनिक यांत गावकऱ्याला फरक दिसेनासा झाला होता.

१४३९ मध्ये शार्लने फर्मान काढले : राजाच्या परवानगीवाचून कोणीही सैन्य उभारायचे नाही, आणि 'ताय' नावाचा कर राजाच वसूल करील. सरदारांना हे झोंबले. १४४० मध्ये त्यांनी बंड केले आणि त्यांच्या अग्रभागी होता राजाचाच सोळा वर्षांचा मुलगा लुई. बंड मोडले, लुईला माफी मिळाली, मने मात्र जुळली नाहीत. १४४४ मध्ये इंग्रजांशी युद्धविराम होताच या लुईला हजारो लुटारू सैनिकांसह स्विस प्रदेशाकडे पाठवण्यात आले. देशातील पीडा शेजाऱ्याच्या अंगणात ढकलणे, याहून वेगळे त्याचे वर्णन करता येत नाही.

१४४५ मध्ये शार्लने या सैनिकांतून निवडक माणसे कायमची नोकरीत घेतली, बाकीच्यांना घरी पाठवले. निवडलेल्यांच्या पंधरा तुकड्या झाल्या. प्रत्येकीत १०० 'भाले', आणि एक भाला म्हणजे चिलखती स्वार व त्याचे सोबती धरून सहा माणसे. त्यांना शहरांत वस्ती, नियमित वेतन आणि ठरावीक मुदतीने हजेरी. शांततेच्या काळातही पगार घेणारे हे सैन्य होते, आणि पगार मिळत होता म्हणून लूट थांबली. १४४८ मध्ये गावोगावचे तिरंदाज नेमले गेले. त्यांना मोबदला म्हणून करमाफी. तोफखाना ब्युरो बंधूंकडे, झाँ आणि गास्पार यांच्याकडे सोपवला होता. हे सरदार घराण्यातले नव्हते, आणि झाँ तर कायद्याच्या कामातून पुढे आलेला.

१४४९ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या सैन्याने ब्रिटनीतील फूजेर लुटले आणि शार्लला निमित्त मिळाले. तीन दशके इंग्रजांकडे असलेली नॉर्मंडी वर्षभरात परत आली. या मोहिमेला झाक क्योर या धनाढ्य व्यापाऱ्याने प्रचंड कर्ज दिले होते. १४५१ मध्ये राजाने त्यालाच अटक करून त्याची मालमत्ता जप्त केली. उपकारकर्त्यांशी वागण्याची शार्लची रीत एकंदरीत सुसंगत होती.

शेवटचा सामना दक्षिणेत, कास्तियाँजवळ झाला. झाँ ब्युरोने खंदक खणून तटबंदीची छावणी उभारली होती आणि तीत सुमारे ३०० लहानमोठ्या तोफा मांडल्या होत्या. फ्रेंच पळत आहेत अशी वार्ता ऐकून वृद्ध इंग्रज सेनानी टॅलबॉट त्वेषाने चालून गेला आणि तोफांच्या तोंडी सापडला. तो आणि त्याचा मुलगा दोघेही पडले. तारीख होती १७ जुलै १४५३, रँसच्या राज्याभिषेकाला बरोबर चोवीस वर्षे झाली तो दिवस. राजा रणांगणावर नव्हता. ऑक्टोबरमध्ये बोर्दो शरण आले. इंग्रजांकडे उरले ते एकटे काले बंदर आणि त्याचा परिसर.

जोनच्या खटल्याची चौकशीही रूआँ हाती आल्यावरच, १४५० मध्ये सुरू झाली. १४५६ मध्ये तिची शिक्षा रद्द ठरली. पाखंडी ठरलेल्या मुलीने घडवून आणलेला राज्याभिषेक राजाला जाचत असणार.

त्याच वर्षी लुई बापाच्या भयाने बर्गंडीला पळून गेला. २२ जुलै १४६१ रोजी शार्ल मरण पावला, तोंडातील गळवामुळे अन्न गिळणेही अशक्य होऊन. बापाच्या फर्मानाविरुद्ध एकेकाळी बंड करणारा मुलगा अकरावा लुई म्हणून गादीवर आला. ते फर्मान त्याने रद्द केले नाही. त्याचा सेवक आणि बखरकार फिलिप द कोमीन याने पुढे हिशोब नोंदवला : शार्लच्या मृत्यूसमयी राज्याची वार्षिक वसुली १८ लाख फ्रँक होती, लुईच्या मृत्यूसमयी ४७ लाख. प्रतिनिधींची संमती न घेता कर बसवण्याची वाट शार्लने पाडली, असा दोषही कोमीनने त्याच्यावर ठेवला आहे. 'ताय' सरदारांना बहुतांशी माफ होता, धर्मगुरूंनाही. शेतकरी तो राज्यक्रांतीपर्यंत भरत राहिले.