आजोळी जाताय? मण्यार माहीत असू द्या

आईबाबांनो, न्यूझीलंडच्या जमिनीवर सापच नाहीत, त्यामुळे आपल्या पोरांना ती भीतीच ठाऊक नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामामुळे नावाजले. मण्यार-नागाच्या दंशावरचा त्यांचा 2004 चा अभ्यास मात्र फार कुणाला माहीत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. ना सूज, ना फारसं दुखणं! पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. प्रतिविष लवकर दिलं तरच उपयोग. झालेली इजा ते भरून काढत नाही. टोकं पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटर, कधी कधी कित्येक दिवस. आणि डोळे जड झालेलं पोर बघून आपण म्हणणार, जेटलॅग असेल, झोपू दे.