हवाग्रहण नळी आणि प्रज्वलन चुकणे

पेट्रोल एंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडण्याच्या वेळी इंधन व हवा यांचे मिश्रण मुळीच न पेटणे किंवा अर्धवट पेटून विझणे, यास प्रज्वलन चुकणे असे म्हणतात. कारागिरांच्या बोलीत यालाच ‘मिसिंग’ हा शब्द रूढ आहे. या दोषाची कारणे अनेक आहेत. मूळ कारखान्याने बसविलेली हवाग्रहण नळी व गाळणी काढून त्यांच्या जागी बाजारात सुटा मिळणारा संच बसविल्यानंतर उद्‌भवणारा दोष हा त्यांतील एक विशेष प्रकार होय. तो मोटारगाडीइतका जुना नाही. ही नळी म्हणजे हवेची निव्वळ वाट होती, तोपर्यंत ती बदलल्याने फारसे बिघडत नसे. १९७० नंतरच्या दशकांत ती एका मापनयंत्राचा भाग बनली आणि तेव्हापासून हा दोष दिसू लागला.

१ किग्रॅ. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम आरंभी कार्ब्युरेटरकडे होते. १८९३ मध्ये जर्मनीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर प्रचारात आणला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीही याच तत्त्वावरील रचनेचे एकस्व घेतले. निमुळत्या कंठातून वेगाने जाणारी हवा तेथील दाब कमी करते व त्या चोषणाने इंधन नोझलमधून ओढले जाते. हवा वाढली की इंधनही आपोआप वाढते. येथे हवा मोजली जात नाही, तीच आपल्याबरोबर इंधन घेऊन येते. त्यामुळे गाळणी बदलली, तर मिश्रण थोडेफार विरळ होई आणि जेट बदलून ते पूर्ववत करता येई. निदानाचे साधनही साधे होते. ठिणगी गुडदी काढून तिचा रंग पाहावयाचा. काजळी धरलेली असेल, तर मिश्रण दाट, पांढरट असेल, तर विरळ आणि फिकट तपकिरी असेल, तर योग्य.

एंजिनाला अधिक मोकळा श्वास देण्याच्या हौसेचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया. तेथील कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत तरुण मंडळी जुन्या गाड्या सुधारून वेगाच्या चाचण्या घेत. १९३७ मध्ये या चाचण्यांचे नियमन करणारी संघटना स्थापन झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा मोठा व्यापार झाला. सुटे भाग तयार करणाऱ्या उत्पादकांची संघटना १९६३ मध्ये उभी राहिली. मालकाने आपल्या गाडीत काय बसवावे, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे, अशी या मंडळींची धारणा होती आणि त्या काळी कायद्याचीही तिला फारशी आडकाठी नव्हती.

याच प्रदेशात त्या धारणेला पहिला धक्का बसला, हा योगायोग म्हणता येणार नाही. लॉस अँजेल्सवर साचणाऱ्या धूरक्याचे मूळ वाहनांच्या निष्कासात आहे. त्यातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची विक्रिया होऊन ते बनते, असे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवा संसाधन मंडळ स्थापन झाले. १९७० च्या संघीय कायद्याने नव्या गाड्यांतील प्रदूषके सु. ९० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९७५ पासून अमेरिकी गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक सर्रास बसू लागले. तीन प्रदूषके एकाच वेळी नष्ट करणारा पुढील प्रकारचा परिवर्तक मात्र मिश्रणाचे प्रमाण १४·७ च्या अगदी जवळ राखले, तरच काम करतो. इतकी अचूकता साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरची होती.

अशा रीतीने हवा मोजणे अपरिहार्य झाले. इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाचा अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीचा प्रयोग १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात येऊन फसला होता. बॉश या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन गाडीत आणलेली पद्धती यशस्वी ठरली. तीत ग्रहणमार्गातील दाबावरून हवेचे अनुमान होई. पुढील पद्धतीत (१९७३-७४) स्प्रिंगने तोललेली एक झडप वाटेत बसविली गेली. हवेच्या लोटाने ती जितकी उघडेल तितका विद्युत् संकेत बदले. या पद्धतींच्या नावांतील आद्याक्षरे ‘ड्रुक’ म्हणजे दाब व ‘लुफ्ट’ म्हणजे हवा या जर्मन शब्दांवरून आलेली आहेत. १९८० नंतरच्या दशकात झडपेची जागा तप्त तारेने घेतली. प्लॅटिनमाची बारीक तार विद्युत् प्रवाहाने तापवून ठेवतात. वाहती हवा तिला थंड करते आणि तिचे तापमान कायम राखण्यास किती प्रवाह द्यावा लागतो, यावरून हवेचे वस्तुमान कळते.

येथेच घोटाळ्याचे मूळ आहे. तार मोजते ती आपल्या जागेवरून जाणारी हवा. संपूर्ण नळीतून किती हवा गेली, हे नियंत्रक गणिताने ठरवितो आणि त्या गणितात मूळ नळीचा व्यास गृहीत धरलेला असतो. समजा, ७० मिमी. व्यासाच्या नळीऐवजी ७७ मिमी. व्यासाची नळी लावली व संवेदक तिच्यात बसविला. काटछेदाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच हवेचा तारेजवळील वेग घटतो आणि संवेदक सु. १७ टक्के कमी हवा दाखवितो. नियंत्रक त्या मानाने इंधन कमी सोडतो व दुरुस्ती न झाल्यास मिश्रणाचे प्रमाण १७·८ च्या आसपास जाते. इतके विरळ मिश्रण पेटविणे ठिणगीला कठीण जाते. निष्कासातील ऑक्सिजन संवेदक ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. परंतु थ्रॉटल पूर्ण उघडून वेग घेताना नियंत्रक सामान्यतः त्याच्याकडे पाहत नाही आणि नेमकी तेव्हाच गाडी धक्के देऊ लागते. नळीच्या वाकणाला लागून संवेदक बसविला, तर हवा भोवऱ्यासारखी फिरून त्याचे वाचन अस्थिर होते, ही गोष्ट वेगळीच.

संच निर्दोष असूनही दोष उद्‌भवतो, असेही अनेकदा घडते. संवेदक व थ्रॉटल झडप यांच्या दरम्यान रबरी सांधा नीट बसला नाही किंवा भुजादंड पेटीतील वायू परत आणणारी लहान नळी जोडावयाची राहिली, तर त्या फटीतून न मोजलेली हवा आत शिरते. कापडी गाळणीला तेल प्रमाणाबाहेर चोपडले, तर ते तारेवर बसू शकते. काम करताना प्रज्वलन वेटोळ्याची जोडणी सैल झाली, तर मिश्रण बिनचूक असूनही ठिणगीच पडत नाही. नवीन वस्तू बसविली म्हणून दोष वस्तूचाच, असे धरून चालणारा कारागीर येथे हमखास फसतो.

चुकलेल्या प्रज्वलनाचे फलित धक्क्यांपुरते मर्यादित नसते. न जळालेले पेट्रोल व ऑक्सिजन परिवर्तकात जाऊन तेथे जळतात आणि अतितप्त होऊन त्यातील मृत्तिका-जाळी वितळू शकते. शिवाय हा शिल्लक ऑक्सिजन संवेदकाला विरळ मिश्रणाचा भास करून देतो. नियंत्रक आणखी इंधन सोडतो आणि रोग वाढतो.

या नुकसानीमुळेच निदान ही कायद्याची बाब झाली. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून अंतःस्थ निदान पद्धती सक्तीची केली. १९९६ पासून तिची दुसरी, अधिक काटेकोर आवृत्ती अमेरिकेतील सर्व नव्या मोटारगाड्यांना लागू झाली. तीत प्रज्वलन चुकल्याची नोंद भुजादंडावरून घेतात. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्याच्या पाळीपुरती भुजादंडाची गती किंचित मंदावते व दातेरी चाकाजवळील संवेदक ते टिपतो. संकेतांक पी ०३०० असेल, तर चूक अनेक सिलिंडरांत विखुरलेली असते. पी ०३०१, ०३०२ इ. संकेतांक विशिष्ट सिलिंडर दर्शवितात. परिवर्तकाला धोका असेल, तर दिवा उघडझाप करतो.

संकेतांक दोषाची जागा सांगतो, कारण सांगत नाही. ते शोधण्यास नियंत्रकाने इंधनात किती टक्के भर घातली, हे पाहावे लागते. एंजिन मंद चालत असताना भर मोठी असून गती वाढविताच ती घटत असेल, तर संवेदकापुढे फट आहे. कारण मंद गतीला आतील निर्वात तीव्र असतो व एकूण हवाच थोडी असल्याने गळतीचा वाटा मोठा ठरतो. याउलट भारासोबत भर वाढत जाणे हे संवेदक हवा कमी मोजत असल्याचे एक लक्षण आहे, मात्र इंधनाचा दाब अपुरा असला तरी ते असेच दिसते. भर नगण्य असून एकच सिलिंडर चुकत असेल, तर नळी सोडून गुडदी व वेटोळे तपासावे. मार्गात धूर सोडला असता फट डोळ्यांना दिसते. मूळ नळी पुन्हा बसवून पाहणे ही चाचणी सर्वांत स्वस्त व निर्णायक असली, तरी ती बहुधा शेवटीच केली जाते. ज्या गाड्यांत हवेचे अनुमान दाबावरून होते, त्यांत व्यासाच्या फरकाचा हा प्रश्न येत नाही व लहान फटीमुळे सहसा केवळ मंद गती चढते.

कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणारा सुटा भाग रस्त्यावरील गाडीत बसविण्यापूर्वी त्याला हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश असावा लागतो. प्रदूषण वाढत नाही, हे उत्पादकाने चाचणीने सिद्ध करावयाचे असते. भारतात अंतःक्षेपणाचा प्रसार २००० च्या सुमारास उत्सर्जन मानकांबरोबर झाला. तोवर मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीपासून खाजगी गाड्यांपर्यंत बहुतेक पेट्रोल एंजिने कार्ब्युरेटरचीच होती व कान आणि गुडदीचा रंग यांवर कारागिराचे भागत असे. चारचाकी गाड्यांसाठी अंतःस्थ निदान पद्धतीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला.