पोवळं अंधारातलं, प्रवाळ उजेडातलं

सराफाच्या दुकानात पोवळं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक खडा हातात आला की आधी उजेडाकडे धरतं. गंगाखेडच्या बाजारातही याहून वेगळं घडत नाही. पत्रिकेतला मंगळ पाहून कोणीतरी खडा सुचवलेला असतो, तो उजव्या हाताच्या अनामिकेत मंगळवारी घालायचा असतो, आणि नकली माल गळ्यात पडू नये ही धास्ती असते. जाणता सराफ भिंग लावून दाखवतो. अस्सल पोवळ्याच्या अंगावर केसाएवढ्या बारीक समांतर रेघा दिसतात, एखाद्या सुकलेल्या काडीवर असाव्यात तशा. काचेचा मणी असेल तर आत हवेचे बुडबुडे सापडतात. लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर खरं पोवळं फसफसतं, कारण ते शेवटी चुनाच आहे. अर्थात सराफ हा प्रयोग करू देत नाही. एका थेंबानं खड्याची झिलई जाते.

इतक्या निगुतीनं उजेडात तपासला जाणारा हा खडा ज्या जीवाचा सांगाडा आहे, त्यानं मात्र उजेड फारसा पाहिलेला नसतो. दागिन्यातलं तांबडं पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातलं. ते कपारींत, गुहांच्या छताला, खोल आणि काळोख्या पाण्यात वाढतं. पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म जीव पकडून जगतं. त्याला ऊन लागत नाही. उलट उष्ण समुद्रात भित्ती बांधणारं प्रवाळ उन्हावर जगतं, इतकं की दिवे चुकले तर काचेच्या टाकीत ते काही आठवड्यांत पांढरं पडून मरू शकतं. मराठीत पोवळं आणि प्रवाळ हे एकाच शब्दाचे दोन अवतार, पण उजेडाच्या बाबतीत हे दोन जीव एकमेकांच्या उलट टोकांना आहेत. घरातल्या प्रवाळ-टाकीसाठी दिवा कसा निवडायचा, या प्रश्नाची सगळी गोम या फरकात आहे. माणसाला तो कळायला फार काळ लागला.

पोवळं गोदावरीच्या खोऱ्याला नवं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत दारू, तांबं, कथील, शिसं यांच्या जोडीला पोवळंही आहे. त्याच पुस्तिकेत भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं पैठण आणि तिथून पुढे दहा दिवसांवरचं तेर यांची नावं येतात. रोमन लेखक प्लिनीनं त्याच शतकात लिहून ठेवलंय की रोमच्या बायकांना भारतातल्या मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच भारतीय पुरुषांना पोवळ्याचं. पैठणहून गोदावरी खाली वाहत येते ती गंगाखेडच्या घाटांवरून नांदेडकडे जाते. सातवाहनांच्या काळात बंदरावर उतरलेलं पोवळं या नदीकाठच्या बाजारपेठांपर्यंत जाण्याची वाट तेव्हाच रुळलेली होती.

सतराव्या-अठराव्या शतकात हा व्यापार गोव्यातून चाले. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले यहुदी व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळं पाठवत आणि मोबदल्यात हिरे मागवत. गोव्यातले त्यांचे अडते सारस्वत होते. दोन्ही बाजू एकमेकांना कधी भेटल्या नाहीत, धर्म वेगळा, भाषा वेगळी, तरी पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या पत्रांवर वर्षानुवर्षं उधारी चालली. मराठी मुलखात पोवळं मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मध्ये गुंफलं गेलं, नवरत्नांत बसलं, वैद्याच्या खलात घोटून प्रवाळपिष्टी झालं. सतत हाताळलेली वस्तू, पण ती वनस्पती, दगड की प्राणी, हे युरोपातल्या विद्वानांनाही धड ठाऊक नव्हतं. मार्सेयच्या झां-आंद्रे पेसोनेल या डॉक्टरानं १७२०च्या दशकात जिवंत पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिलं आणि ज्यांना लोक फुलं म्हणत होते ते छोटे प्राणी आहेत असं सांगितलं. पॅरिसच्या विद्वानांनी त्याला उडवून लावलं. त्याचं म्हणणं मान्य व्हायला जवळपास वीस वर्षं गेली.

जिवंत प्रवाळ घरात सांभाळण्याची पहिली हकीकत एका बाईची आहे. १८४६ मध्ये ॲना थिन ही इंग्लंडच्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असताना तिला खडकांत वाटीच्या आकाराचं छोटं प्रवाळ सापडलं. तिनं ते बरणीत घालून लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारातल्या घरी आणलं. समुद्राचं पाणी सारखं आणणं शक्य नव्हतं. मग उघड्या खिडकीपाशी उभं राहून एका भांड्यातलं पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा परत ओतायचं, असा नेम सुरू झाला, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. हे काम बहुतेक वेळा मोलकरणीच्या वाट्याला येई. पुढे तिनं भांड्यात समुद्री शेवाळही ठेवलं आणि प्रवाळ जगलं, त्याला पिल्लंही झाली. मत्स्यालयाच्या इतिहासात तिचं नाव फार उशिरा घेतलं गेलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं ते १८५३ मध्ये, म्हणजे तिच्यानंतर.

पण तिच्या यशात एक योगायोग दडला होता. इंग्लंडच्या थंड पाण्यातलं ते प्रवाळ पोवळ्यासारखंच उजेडावर न जगणारं होतं. खिडकीतला मिणमिणता उजेडही त्याला पुरून उरला. उष्ण समुद्रातलं प्रवाळ तिच्या हाती लागलं असतं तर लंडनच्या हिवाळ्यात ते टिकलं नसतं, आणि का टिकलं नाही हे कोणालाच सांगता आलं नसतं.

ते ‘का’ उलगडायला विसावं शतक उजाडलं. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या पेशींत सोनेरी-तपकिरी एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हात साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखालची ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्कामाला होती. त्यांनी प्रवाळं बंद पेट्यांत, काळोखात ठेवली. त्यांचं शैवाल गेलं, रंग गेला, पण खाऊ घातल्यावर ती महिनोन्महिने जगली. याँग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ मुळात मांसाहारी आहे. अर्धं खरं होतं ते. १९५०च्या दशकाअखेरीस जमैकात टॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात हेच प्रवाळ कित्येक पट वेगानं चुना रचतं. जगणं अंधारात जमेल. घर बांधणं जमणार नाही.

शौकिनांनी मात्र प्रयोगशाळेची वाट पाहिली नाही. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी टाकीत समुद्राचं पाणी, जिवंत जीवांनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे एवढंच ठेवलं आणि वर ऊन पडू दिलं. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत छापून जाहीर केली. ऊन फुकट होतं, विषुववृत्ताजवळचं होतं, प्रवाळ वाढलं. तीच टाकी जर्मनीत करायची तर ढगाळ आकाशाशी गाठ. तिथल्या शौकिनांनी मग कारखाने आणि मैदानं उजळणारे मेटल हॅलाइड दिवे टाकीवर टांगले. जोडीला ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा उजेड देणाऱ्या ट्यूब लावल्या, ज्या मुळात औद्योगिक प्रकाश-रासायनिक कामांसाठी बनल्या होत्या. १९८०च्या दशकात ही जोडी प्रवाळ-टाकीची ओळख झाली. अडीचशे-चारशे वॅटचा एकेक दिवा, त्याखाली तापणारं पाणी, ते थंड ठेवायला चिलर, आणि महिन्याच्या शेवटी विजेचं बिल.

निळाच रंग का? समुद्राचं पाणी तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं. स्वच्छ पाण्यात सर्वांत खोल जातो तो निळा. खोलवरचं प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या निळ्या उजेडात जगलेलं असतं, त्यातल्या शैवालाची हरितद्रव्यंही तो रंग उत्तम टिपतात. म्हणून पुढची खरी क्रांती निळ्या एलईडीनं केली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या शोधासाठी मिळालं, तोच हा दिवा. २०००च्या दशकाच्या मध्यावर तो प्रवाळ-टाक्यांवर चढला. उष्णता कमी, रंग हवा तसा कमी-जास्त करता येतो, आणि पहाट, दुपार, संध्याकाळ घड्याळाप्रमाणे आपोआप होतात.

महाराष्ट्रात लोकांना समुद्र काचेतून दाखवण्याचं मोठं काम केलं ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयानं. मरीन ड्राइव्हवरची ही वास्तू आठ लाख रुपये खर्चून उभी राहिली; त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्यानं दिले. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी तिचं उद्घाटन केलं. मराठवाड्यातून मुंबई पाहायला गेलेल्या कित्येक कुटुंबांच्या यादीत राणीची बाग आणि मत्स्यालय ही दोन नावं ठरलेली असत. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते अर्धगोल पारदर्शक बोगदा आणि एलईडीच्या उजेडासह पुन्हा उघडलं.

त्या मत्स्यालयासमोरच्या समुद्रात खरं प्रवाळ आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ओहोटीला मरीन ड्राइव्ह आणि हाजी अलीच्या खडकांतल्या डबक्यांत ते दिसतं. पाणी गढूळ, उजेड जेमतेम, तरी ते तगून आहे. सागरी किनारा रस्त्याच्या कामात आड येणाऱ्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवाव्या लागल्या. मालवणचं पाणी त्याहून बरंच निवळ. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं एक विस्तीर्ण पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे, पाणी काचेसारखं, आणि तिथं पोचणारा उजेड निळा. एकाच राज्याच्या किनाऱ्यावर हे तीन वेगळे उजेड आहेत. टाकीचा दिवा निवडणाऱ्यानं हेच तीन उजेड डोळ्यांसमोर ठेवावेत, दुकानातल्या खोक्यावरचे वॅट मागाहून वाचावेत.

इथं गंगाखेडचा एक आगळा धागा जुळतो. संत जनाबाईंचं हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास, पण अक्षांश मात्र जवळजवळ मरीन ड्राइव्हचाच, एकोणीस अंशांच्या लगत. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दोन्हीकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गोदावरीच्या घाटावर उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते, त्याच दिवशी पंधराएक मिनिटांच्या अंतरानं मुंबईच्या खडकांतल्या प्रवाळावरही तेच उभं ऊन पडतं. पाण्याच्या पृष्ठावर त्या उन्हाचं माप सुमारे २००० भरतं. चौरस मीटरवर दर सेकंदाला शैवालाच्या उपयोगी प्रकाशकण किती मायक्रोमोल पडतात, ते हे माप. टाकीतल्या मऊ प्रवाळाला ५० ते १५० पुरतं, मोठ्या तोंडाच्या कठीण प्रवाळाला १०० ते २००, आणि फांद्यांच्या कठीण प्रवाळाला २०० ते ४०० लागतं. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाचा पाचवा हिस्साही पुष्कळ झाला. शौकीन चुकतो तो बहुधा जास्त उजेड देऊन. नवा दिवा निम्म्याहून कमी ताकदीवर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत चढवावा, दिवसाला आठ-दहा तासांहून जास्त ठेवू नये. खिडकीतल्या थेट उन्हात टाकी ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण परभणी जिल्ह्याच्या उन्हाळ्यात उजेडाआधी पाण्याचं तापमान प्रवाळाचा जीव घेतं.

यातली सर्वांत मोठी अट विजेची नाही, कायद्याची आहे. भित्ती बांधणारं सगळं कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, घरी आणणं गुन्हा आहे, मेलेला तुकडाही त्यात आला. हा कायदा योग्य आहे. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर वाढणारा जीव शौकापायी खणून काढायला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो मुळात आहेच किती? दुकानदार कितीही खात्री देवो, मऊ प्रवाळ घेण्याआधीसुद्धा वनविभागाकडे चौकशी करावी. आणि मालवणला सहलीला गेलेल्या गंगाखेडकरांनी ओहोटीच्या खडकांवर पाय जपून टाकावेत, मुलांच्या खिशात पांढरा सच्छिद्र दगड दिसला तर तो जिथून उचलला तिथंच, पाण्यात परत ठेवायला सांगावं.