खाचरांतलं बुलेट ट्रेनचं स्टेशन

जपानमधल्या गिफू-हाशिमा स्टेशनासमोरच्या चौकात एका जोडप्याचा पुतळा उभा आहे. बानबोकू ओनो आणि त्यांच्या पत्नीचा. ओनो गिफू प्रांतातले वजनदार पुढारी, सत्ताधारी पक्षाचे उपाध्यक्ष. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली, तेव्हा भातशेतीच्या मधोमध हे स्टेशन उघडलं. ते पाहायला ओनो मात्र नव्हते. मे महिन्यातच ते वारले होते.

किसो आणि नागारा या नद्यांमधलं हाशिमा हे कापड विणणारं छोटं गाव. १९५४ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी बुलेट ट्रेन थांबते म्हटल्यावर लोकांनी ‘पुढाऱ्याचं स्टेशन’ म्हणून नाकं मुरडली.

प्रकरण इतकं सरळ नव्हतं. नागोयाहून थेट क्योतो गाठायचं तर सुझुकाचे डोंगर आडवे येत होते. बोगदे खणत बसायला वेळ नव्हता. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकच्या आत गाडी धावायला हवी होती. म्हणून मार्ग उत्तरेकडून, सेकिगाहाराच्या खिंडीतून वळवला. मग गिफू शहराने गाडी आपल्याकडून न्या, असा हट्ट धरला. रेल्वेला तेवढा वळसा नको होता. ओनोंनी मध्यस्थी केली आणि हाशिमावर तडजोड झाली.

रेल्वेचीही त्यात सोय होती. सेकिगाहारात हिवाळ्यात बर्फ पडतो. धावत्या गाडीच्या तळाला तो चिकटतो, पुढे त्याची ढेकळं गळतात आणि रुळांखालची खडी उडवतात. म्हणून तिथे रुळांवर पाण्याचे फवारे मारतात, गाड्यांचा वेग कमी करतात. वेळापत्रक कोलमडलं की गाड्या थोपवून धरायला खिंडीच्या अलीकडे जागा लागते.

स्टेशन आलं, पण गिफू शहराकडे जाणारी रेल्वे आली नाही. मेइतेत्सू कंपनीचा फाटा स्टेशनापाशी पोहोचला तो १९८२ साली, तब्बल अठरा वर्षांनी. तोवर नागोयाला जाऊन गाडी पकडणंच अनेकांना सोयीचं वाटे. स्टेशनाभोवती मोठी बाजारपेठ काही वसली नाही. मोटारी लावायच्या जागा मात्र भरपूर झाल्या.

तोक्यो-ओसाका मार्गावर सुरुवातीला १२ स्टेशनं होती. जपानच्याच तंत्रज्ञानावर आखलेल्या ५०८ किलोमीटरच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावरही १२ च आहेत, आणि त्यातलं एक बोईसर. ते स्टेशन जुन्या रेल्वे स्टेशनाशी आणि तारापूर एमआयडीसीशी कसं जोडणार, हे पालघरकरांनी गाडी सुरू व्हायच्या आधीच विचारून घ्यावं.