बाह्य व्यत्यय
मायक्रोकंट्रोलर आपली आज्ञावली पार पाडीत असता त्याच्या विशिष्ट पिनवर बाहेरून संकेत येताच चालू काम थांबवून तातडीचे काम हाती घेण्याची योजना. येथे ‘व्यत्यय’ म्हणजे अडथळा नव्हे, तर दखल घ्यावयास लावणारी सूचना होय.

प्रारंभीच्या संगणकांना प्रत्येक उपकरणाची पुनःपुन्हा विचारपूस करावी लागे. अमेरिकेतील डिसिॲक (१९५४) या संगणकात बाह्य उपकरणांसाठी व्यत्ययाची सोय झाली. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ च्या आपल्या प्रबंधात या पद्धतीचा विचार केला. केव्हाही येणाऱ्या व्यत्ययामुळे घडलेली चूक पुन्हा घडवून दाखविता येत नाही, याची त्यांना धास्ती वाटे व ती रास्तच होती. इंटेलच्या ८०४८ (१९७६) मध्ये बाह्य व्यत्ययाची एक, तर ८०५१ (१९८०) मध्ये दोन पिना होत्या.

८०५१ मध्ये संकेत आल्यावर चालू आज्ञा पूर्ण होते, पुढील आज्ञेचा पत्ता स्टॅकमध्ये ठेवला जातो आणि पहिल्या पिनसाठी ठरलेल्या ०००३ या पत्त्यावरील आज्ञा सुरू होतात. काम संपताच नियंत्रण मूळ जागी परतते. रजिस्टरांतील आकडे मात्र आज्ञावली लिहिणाऱ्यानेच जपावयाचे असतात.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आणि उजनी जलाशयाच्या काठी, अशा उपकरणांना मोठे क्षेत्र आहे. कृषिपंपांना थ्री-फेज वीज ठराविक तास व पुष्कळदा रात्रीच मिळत आल्याने शेतकऱ्यास अंधारात पंपापर्यंत जावे लागे. पुण्यात तयार झालेल्या ‘नॅनो गणेश’सारख्या मोबाइलवरील पंपनियंत्रकांनी ही पायपीट वाचविली.

एक फेज गेल्याची सूचना व्यत्ययानेच घेतली पाहिजे असे मात्र नाही. मोटर जळण्यापूर्वी नियमित तपासणी कित्येकदा होऊन जाते. ठिबक संचातील जलमापकाच्या स्पंदांची गोष्ट वेगळी आहे. नियंत्रक पडद्यावर आकडे लिहिण्यात गुंतला असता अल्पकाळ टिकणारा स्पंद निसटला, तर पाण्याचे माप चुकते आणि त्यावर बेतलेली खताची मात्राही चुकते. म्हणून तो व्यत्ययाच्या पिनवर, संकेताच्या उतरत्या कडेवर घेतात. मोटर सुरू होताना लांब तारांत उठणाऱ्या क्षोभांनी व स्विचच्या स्पर्शकांच्या थरथरीने खोटे व्यत्ययही येतात. त्यांवर रोधक व धारित्र यांची गाळणी बसवितात, किंवा काही मिलिसेकंदांनी पिन पुन्हा तपासतात.