घरची स्मृति आणि फिरती तबकडी

लिहिलेली गोष्ट टिकते ती ज्या वस्तूवर लिहिली त्या वस्तूच्या बळकटपणामुळें, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य हातीं घेतलें आणि १९६६ सालीं तें पूर्णत्वास नेलें. त्या कामीं निरनिराळ्या लिप्यांतील बाराशेंहून अधिक हस्तलिखितें विचारांत घेण्यांत आलीं. त्यांतील एकही पोथी मूळ रचनेच्या काळची नव्हती. मूळ पानें केव्हांच कुजलीं, कित्येक वाळवीनें खाल्लीं, कित्येक पुरांत वाहून गेलीं. तरी ग्रंथ उरला. कारण एक पोथी नष्ट होण्यापूर्वीं कोठेंतरी कोणीतरी तिची दुसरी प्रत करून ठेविली होती. टिकाव हा वस्तूचा गुण नव्हे. तो प्रत करणाऱ्याच्या सवयीचा गुण होय. आज एखादें सुशिक्षित कुटुंब लग्नकार्याचीं छायाचित्रें, मुलांचीं प्रशस्तिपत्रें, घराच्या खरेदीखताची प्रत आणि दिवंगत आजीच्या आवाजाचें मुद्रण सुरक्षित राहावें म्हणून बाजारांत हार्ड डिस्क घ्यावयास जातें, तेव्हां त्यानें हीच गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावयास हवी. त्यासाठीं या यंत्राचा जन्म व वाढ कशी झाली तें पाहणें उपयुक्त ठरेल.

हार्ड डिस्कचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन होजे या शहरीं झाला. तेथें आय. बी. एम. कंपनीची एक प्रयोगशाळा होती व तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हे होते. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारें एक यंत्र त्यांनीं शोधून काढलें व त्या यंत्रामुळेंच त्यांचा कंपनींत प्रवेश झाला. त्या काळीं व्यापारी पेढ्यांचे हिशेब छिद्रांकित पत्त्यांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवीत. फितीचा दोष असा कीं, मधली नोंद हवी असल्यास आरंभापासून सारी फीत उलगडावी लागे. आख्यानांतील एक प्रसंग ऐकण्यासाठीं पूर्वरंगापासून बसून राहावें लागावें, तशांतला हा प्रकार. जॉन्सन यांच्या सहकाऱ्यांनीं चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या एकावर एक रचून त्या फिरत्या ठेवल्या व वाचन करणारा हात हव्या त्या तबकडीवर हव्या त्या ठिकाणीं जाईल अशी योजना केली. ‘रॅमॅक’ या नांवाची ही यंत्रणा सप्टेंबर १९५६ मध्यें जगापुढें आली.

तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. यंत्राचें वजन सुमारें एक टन भरे आणि संपूर्ण यंत्रणेचें भाडें महिना ३,२०० डॉलर पडे. एवढ्या खटाटोपांत मावत होतीं ५० लाख अक्षरें. आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें चांगलें छायाचित्र जवळजवळ तेवढीच जागा व्यापतें. अर्थात् ज्या यंत्राचें वजन टनभर होतें, त्यांत आजच्या मुंजीसमारंभाचें एकच चित्र राहिलें असतें!

पुढें १९६२ सालीं त्याच कंपनीनें तबकड्यांचा गठ्ठा यंत्रांतून काढून कपाटांत ठेवतां येईल अशी सोय केली. पण उघड्यावर हाताळलेल्या तबकड्यांवर धूळ बसे. १९७३ सालीं ‘३३४०’ या क्रमांकाचें यंत्र निघालें. त्यांत तबकड्या व त्यांच्यावर तरंगणारें वाचक टोक हीं दोन्ही एकाच बंद पेटींत ठेविलीं होतीं. मूळ आराखड्यांत ३० मेगाबाइटांचे दोन भाग असल्यामुळें ‘थर्टी-थर्टी’ या प्रसिद्ध बंदुकीच्या काडतुसावरून ह्या यंत्रास ‘विंचेस्टर’ असें टोपणनांव पडलें. बंद पेटींत फिरणारी तबकडी ही आजच्या प्रत्येक हार्ड डिस्कची मूळ कल्पना येथूनच आली.

यंत्र घरांत शिरण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची, ५ मेगाबाइटांची डिस्क काढली व १९८३ सालीं आय. बी. एम. च्या ‘एक्स्. टी.’ या वैयक्तिक संगणकांत १० मेगाबाइटांची डिस्क बसून आली. प्रत ठेवण्याची अडचणही त्याच दिवशीं सुरू झाली. कारण ती १० मेगाबाइट माहिती उतरून घेण्यास ३६० किलोबाइटांच्या जवळजवळ तीस फ्लॉपी लागत. एक काढावी, दुसरी घालावी, तिच्यावर क्रमांक घालावा, आणि एकविसावी नादुरुस्त निघाली तर कपाळास हात लावावा, असें तें काम असे. साहजिकच बहुतेक लोक तें उद्यांवर ढकलीत. आळसाची ही परंपरा तेव्हांपासून अखंड चालू आहे.

यानंतर क्षमता झपाट्यानें वाढली. १९८८ सालीं फ्रान्समध्यें आल्बेर फेर व जर्मनींत पीटर ग्रुनबर्ग यांनीं स्वतंत्रपणें असा शोध लावला कीं, धातूंचे अत्यंत पातळ थर एकावर एक दिले असतां चुंबकत्वांतील अल्पशा फरकानेंही त्यांचा विद्युत्‌रोध पुष्कळ बदलतो. या गुणामुळें अतिसूक्ष्म चुंबकीय खुणा वाचणें शक्य झालें. १९९७ सालीं तो शोध बाजारांतल्या डिस्कमध्यें उतरला आणि २००७ सालीं या दोघांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं हिताची कंपनीची १ टेराबाइटची, म्हणजे दहा लाख मेगाबाइटांची, डिस्क बाजारांत आली. वाचक टोक आतां तबकडीपासून अवघ्या कांहीं नॅनोमीटरांवर तरंगूं लागलें. चालू डिस्क टेबलावरून पडली तर ती बहुधा कायमची कां जाते, याचें उत्तर या सूक्ष्म अंतरांत आहे.

त्याच २००७ सालच्या फेब्रुवारींत, त्याच सॅन होजे शहरीं, एका परिषदेंत दोन निबंध वाचले गेले. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीनें त्यांचें मोल फार मोठें आहे. पहिला कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधकांचा. कंपन्या आपल्या पत्रकांत दहा ते पंधरा लक्ष तासांचें सरासरी आयुष्य छापीत. दहा लक्ष तास म्हणजे ११४ वर्षें! त्या हिशेबानें दरसाल शंभरांत एकही डिस्क बदलावी लागूं नये. प्रत्यक्षांत सुमारें एक लक्ष डिस्कांच्या नोंदी तपासतां, शंभरांत दोन ते चार दरवर्षीं बदलाव्या लागतात, कोठें कोठें याहूनही अधिक, असें दिसून आलें. दुसरा निबंध गूगलमधील संशोधकांचा होता व तोही एक लक्षाहून अधिक डिस्कांवर आधारलेला होता. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. पण बिघडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकही लक्षण आधीं दाखविलें नव्हतें, असें त्यांना आढळलें. तात्पर्य, पत्रकावरील आंकडा पाहून निश्चिंत राहूं नये, आणि डिस्क मरण्यापूर्वीं सूचना देईल या आशेवरही राहूं नये.

प्रतीचें महत्त्व किती, तें एका चित्रपटाच्या कथेवरून कळतें. ‘टॉय स्टोरी २’ हा पिक्सार कंपनीचा चित्रपट १९९९ सालीं प्रकाशित झाला. त्याच्या आदल्या वर्षीं कोणाकडून तरी चुकीची आज्ञा दिली गेली व चित्रपटाच्या फायली एकामागून एक पुसल्या जाऊं लागल्या. यंत्रें बंद करीपर्यंत बहुतेक सारें काम नाहींसें झालें होतें. कंपनीनें फितींवर प्रती ठेविल्या होत्या. पण प्रसंग येतांच त्या कुचकामी ठरल्या. सुदैवानें गॅलिन सुसमन या तांत्रिक प्रमुख बाईंना नुकतेंच मूल झाल्यामुळें त्या घरून काम करीत व त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक चादरींत गुंडाळून, मोटारींतून, तान्ह्या मुलाप्रमाणें जपून कचेरींत आणला गेला. मोठ्या कंपनीची मोठी यंत्रणा निकामी ठरली आणि एका आईच्या घरची प्रत उपयोगी पडली. यांत दोन धडे आहेत. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं ती प्रत नव्हे. आणि एक तरी प्रत दुसऱ्या छपराखालीं असावी.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं हाच अनुभव ‘तीन-दोन-एक’ या सूत्रांत बसविला : माहितीच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. मुंबईकरांस या सूत्राचा अर्थ २६ जुलै २००५ रोजीं समजला. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला व तळमजल्यांवरील कपाटें, कागदपत्रें, संगणक सारें पाण्याखालीं गेलें. पुण्यानें तोच अनुभव १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें धरण फुटलें तेव्हां, घेतला होता. कपाटांत शेजारीं शेजारीं ठेविलेल्या दोन डिस्का पुरास किंवा चोरास एकाच वेळीं सांपडतात. यासाठीं एक डिस्क बहिणीच्या किंवा मुलाच्या घरीं ठेवून दर सणावारीं अदलाबदल करावी, किंवा तिसरी प्रत क्लाउडमध्यें ठेवावी.

आतां निवडीचा प्रश्न. मोबाइल व लॅपटॉप यांतील सारी माहिती किती भरते तें प्रथम मोजावें व तिच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेची डिस्क घ्यावी. १ टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ दिसली तर दुकानदारावर रागावूं नये. कंपनी हजाराच्या पटीनें मोजते व संगणक १,०२४ च्या पटीनें, एवढाच तो फरक आहे. अडीच इंची डिस्क एकाच तारेवर चालते व प्रवासांत सोयीची असते. साडेतीन इंचीला वेगळी वीज लागते, पण मोठ्या संग्रहास ती सहसा स्वस्त पडते. कांहीं डिस्कांत चुंबकीय पट्टे छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकांवर थोडे चढविलेले असतात. त्यांच्यावर वारंवार फेरलेखन करणें संथ होतें. परंतु महिन्यांतून एकदां प्रत उतरून कपाटांत ठेवण्यास त्या पुरेशा आहेत.

फिरती तबकडी नसलेली ‘एस. एस. डी.’ वेगवान असते व पडण्याचें भयही तिला कमी. मात्र तिच्यांतील माहिती विद्युत्‌भाराच्या रूपानें राहते आणि वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपूं शकतो. रोजच्या कामास ती उत्तम. पेटींत ठेवून विसरण्यास नव्हे. नगण्य किंमतींत प्रचंड क्षमता देणाऱ्या अनोळखी वस्तूंपासून तर दूरच राहावें. कित्येकदां त्यांचा आंकडाच खोटा असतो व जागा संपल्यावर नवी माहिती निमूटपणें नाहींशी होते. हमीपत्राचा अर्थही नीट समजून घ्यावा. त्यावर कंपनी दुसरी डिस्क देते, आजीचा आवाज परत देत नाहीं.

एका महागड्या डिस्कपेक्षां दोन साध्या डिस्का बऱ्या, आणि त्या शक्य तर दोन निराळ्या कंपन्यांच्या असाव्यात, म्हणजे एकाच कारखान्याचा दोष दोहोंत येणार नाहीं. प्रत उतरली कीं डिस्क रीतसर अलग करून संगणकापासून दूर ठेवावी. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें जगभर संगणकांतील फायली कुलुपबंद केल्या, तेव्हां संगणकास जोडून ठेविलेल्या प्रतीही त्यांत सांपडूं शकत होत्या. कपाटांतील डिस्कला तसला प्रोग्राम शिवूं शकत नाहीं. डिस्कवर परवलीचा शब्द घातला असल्यास तो घरांतील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा. नाहींतर कर्त्या माणसामागें सारा संग्रह असून नसल्यासारखा होतो. सहा महिन्यांनीं दहा-वीस फायली उघडून पाहाव्यात व पांच-सहा वर्षांनीं डिस्क चालू असतांनाच तिची माहिती नव्या डिस्कवर उतरवावी.

शेवटची ही गोष्ट नवी नाहीं. जुनी पोथी जीर्ण झाली कीं, अक्षरें वाचतां येत आहेत तोंवरच लेखक तिची नवी प्रत करीत. त्यानें कागद कोणता वापरला याची चौकशी आज क्वचितच होते. त्यानें वेळेवर प्रत केली, म्हणून ग्रंथ वाचावयास मिळतो. घरांतील एखाद्या मुलास तीस वर्षांनीं आपल्या आजीचा आवाज ऐकावासा वाटेल, तेव्हां तो मिळेल कीं नाहीं हें दुकानांतल्या निवडीवर थोडें आणि घरांतल्या या शिस्तीवर पुष्कळ अवलंबून राहील.