सी हॉक, सडा आणि संगणक
(प्रस्तावना)

२०२३ साली नौदल दिनाची प्रात्यक्षिके तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाली आणि मिग-२९के विमाने मालवणकरांच्या डोक्यावरून गेली. ४ डिसेंबर हा दिवस १९७१ च्या कराचीवरील क्षेपणास्त्र हल्ल्याची आठवण म्हणून पाळला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच ४ डिसेंबरला बंगालच्या उपसागरात विमानवाहू जहाज ‘विक्रांत’च्या डेकवरून सी हॉक जेट उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारचा विमानतळ व चितगाव यांच्यावर हल्ले चढवले, ही गोष्ट मात्र मागे पडते. अशा निवृत्त लढाऊ जेटांना संगणकाच्या पडद्यावर किंवा रिमोटच्या जोरावर पुन्हा हवेत आणण्याचा जो उद्योग आहे, त्याची ओळख नवख्या वाचकाला करून द्यायची आहे. घरची मंडळी याला खेळ म्हणतील. म्हणू द्यावे, खेळ म्हटल्याने अभ्यासाचे काही बिघडत नाही.

माझ्या मते हा मुळात इतिहासलेखनाचाच प्रकार आहे. जो प्रतिकृती करतो तो एका ठरावीक विमानाबद्दल, ठरावीक सालाबद्दल काही विधाने करत असतो: शेपूट एवढी उंच होती, इंजिनाचा जोर एवढा होता, या वेगाला पंख दगा देत असे. ही विधाने पुराव्याने तपासता येतात आणि चुकली तर खोडता येतात. ‘साधारण असेच दिसायचे’ एवढ्यावर थांबणाऱ्याने शोकेससाठी विमान करावे, उडवण्याच्या भानगडीत पडू नये.

विषय निवडायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, तर बेळगावच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटरांनी बांबोळीचे रेडिओ केंद्र. मिग-२१ तर नाशिकजवळ ओझरला वर्षानुवर्षे बांधली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवृत्त झाली, आणि ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिस २०१४ पासून उडते आहे. तरीही सिंधुदुर्गातल्या नवशिक्याने सुरुवात सी हॉकपासून करावी असा माझा आग्रह राहील. विमान नौदलाचे आहे, बांधणीने सुबोध आहे, आणि त्याचा अस्सल नमुना गोव्यात दाबोळीला पाहायला मिळतो.

सी हॉक हे हॉकर कंपनीचे आरेखन. त्याचा मूळ नमुना, पी.१०४०, २ सप्टेंबर १९४७ रोजी प्रथम उडाला. पंखांचा पसारा ११.८९ मीटर, रोल्स-रॉइसचे एकच नीन इंजिन, नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी १८ मे रोजी तिच्या डेकवर पहिले जेट उतरवले ते लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. सी हॉक उडवणारे ३०० क्रमांकाचे स्क्वाड्रन म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’. त्यांच्या ताफ्यात आधी ब्रिटनहून आलेली विमाने होती, नंतर पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली २८ विमाने दाखल झाली. आता मेख पाहा. जर्मनांसाठी बांधलेल्या सी हॉकची उभी शेपूट ब्रिटिश विमानांपेक्षा उंच होती. म्हणजे ‘भारतीय सी हॉक’ नावाचे एकच एक विमान नव्हतेच. विमानाच्या अंगावरचा क्रमांक एका कुळीचा आणि शेपूट दुसऱ्या कुळीची असलेली मॉडेले सर्रास दिसतात. रंग सुरेख असतो, बिल्ला अचूक असतो, आणि विमान मात्र कधी अस्तित्वातच नसते.

सिम्युलेटरच्या शाखेत शिरताना एक भेद आधी समजून घ्यावा. बाहेरचे त्रिमितीय रूप आणि उड्डाणाचे गणित या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. ‘फ्लाइटगिअर’ या मोफत, खुल्या सिम्युलेटरमध्ये सी हॉक आहे, तेव्हा खर्चाची सबब नको. तिथे गणिताच्या दोन रीती प्रचलित आहेत. वायएसिममध्ये तुम्ही पंखांची मापे, वजन, उतरण्याचा वेग आणि सरळ उड्डाणाचा वेग देता, आणि उचल व अवरोध यांचे आकडे प्रणाली स्वतः जुळवून घेते. जेएसबीसिममध्ये ते आकडे तक्त्यांच्या रूपाने तुम्हालाच द्यावे लागतात. जुन्या विमानाच्या पवनबोगद्यातल्या चाचण्यांचे तक्ते सहसा हाती लागत नाहीत, वैमानिकांसाठी छापलेली पुस्तिका मात्र मिळू शकते. म्हणून नवशिक्याला पहिली रीत परवडते. पण जुळवून घेतलेले गणित ज्या दोन वेगांवर बेतलेले असते त्यांच्या आसपासच भरवशाचे. विमान कोलांटी खाताना ते जे दाखवते त्याला पुरावा समजू नये.

सिम्युलेटरची खरी ताकद १९७१ च्या प्रसंगातच कळते. त्या युद्धात ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता, त्यामुळे जहाजाला पुरा वेग घेता येत नव्हता. विमानवाहू जहाजावर वेग म्हणजे वारा. जहाज वाऱ्याच्या तोंडाला जितक्या जोरात जाईल तितका डेकवरचा वारा वाढतो, आणि विमानाला स्वतःच्या बळावर कमवायचा वेग तितका कमी होतो. उरलेले काम वाफेचा कॅटापुल्ट करतो. उपसागरात वारा पडला की टेहळणीची अलिझे विमाने सोडणे मुश्कील व्हायचे. व्हाइस ॲडमिरल गुलाब हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात हे दिवस सविस्तर वाचायला मिळतात. ते वाचून सिम्युलेटरमध्ये जहाजाचा वेग कमी करावा, वारा जवळजवळ शून्यावर आणावा, विमानात इंधन आणि बॉम्ब भरावेत, आणि मग डेक सोडून पाहावा. कप्तानापुढचा पेच वाचताना समजतो त्याहून वेगळा समजतो. जहाज २४ नॉटने पळवून त्याच मोहिमेचा व्हिडिओ करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे विमान खरे असेल, दिवस खोटा आहे.

उडत्या प्रतिकृतीची शाखा याहून हट्टी, कारण तिथे हवा तुमचे ऐकत नाही. सुमारे ६००० किलोचे भरलेले सी हॉक सगळ्या बाजूंनी आठपट लहान केले तर वजन ५१२ पटींनी उतरते, म्हणजे १२ किलोच्या आसपास. पंखांचा पसारा दीड मीटर. उड्डाणाचा वेग मात्र फक्त २.८ पटींनी कमी होतो. हौशी माणूस म्हणूनच तीन-चार किलोंत विमान बसवायला बघतो. शिवाय लहान पंखाला हवा जणू अधिक घट्ट वाटते. मूळ पंखाचा छेद जशाच्या तसा उतरवला तर तो लवकर उचल सोडतो. जाणकार बांधणारा छेद बदलतो आणि वहीत तशी नोंद ठेवतो.

सी हॉकची आणखी एक खोड आहे. त्याचा जळका वायू शेपटीतून निघत नाही. इंजिनामागची नळी पाटलोणीसारखी दुभंगते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूला उघडते. त्यामुळे धडाच्या मागच्या भागात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. मॉडेलमध्ये विजेवर फिरणाऱ्या बंदिस्त पंख्याची हवा अशी फाकवली की जोर घटतो. पुष्कळ जण ती सरळ शेपटीखालून सोडतात. उडते छान, पण ज्या कल्पनेसाठी हे विमान लक्षात ठेवायचे तीच गळून पडते. मी असे विमान कमी जोराचे असले तरी दुभंगलेल्या नळीचेच करीन.

साहित्य म्हणाल तर बाल्सा आणि फोम बाहेरून मागवावे लागतात. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी खेळण्यांसाठी वापरलेले पांगाऱ्याचे हलके लाकूड नाकाचे ठोकळे आणि साचे कोरायला उत्तम. पंखांच्या फासळ्यांना ते जड पडेल. धावपट्टीचा प्रश्न आपल्याकडे दोन तऱ्हांनी सुटतो. ओहोटीची ओली पुळण चाकांना छान धरते, पण वाळू मोटरीत शिरते आणि खारा दमटपणा तारांचे जोड खातो. जांभ्याचा सडा कोरडा आणि मोकळा असतो. चाके न उघडता विमान उतरले तर मात्र पोट सोलून काढतो. दुपारी खारा वारा जोर धरतो, म्हणून उड्डाणे सकाळी, मतलई वारा मंदावत असतानाच उरकावीत. पावसाचे चार महिने बांधणीचे आणि सिम्युलेटरचे. आगोटीच्या सामानाबरोबर गोंदही आणून ठेवलेला बरा.

नियमांत टाळाटाळ चालत नाही. हौसेचे मॉडेल २५ किलोंच्या आतले आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचे असते. हिरव्या, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटर आहे, आणि चिपी विमानतळ २०२१ साली सुरू झाल्यापासून आपल्या जिल्ह्याच्या नकाशावरही विमानतळाभोवतीचे निर्बंध आले आहेत. सडा कितीही मोकळा दिसला तरी शासनाच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा पाहून घ्यावी.

पहिला अभ्यासदौरा दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयाचा करावा. १९९८ पासून ते खुले आहे, आणि सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी विमाने तिथे जवळून पाहता येतात. रंगाच्या छटेवर विश्वास ठेवू नका. खाऱ्या हवेत उभी असलेली विमाने पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात. पत्र्यांचे सांधे, रिव्हेटांच्या ओळी, पंख दुमडण्याच्या बिजागऱ्या आणि ती दुभंगलेली नळी यांचे फोटो मात्र परवानगी असेल तिथे सर्व बाजूंनी काढा. फोटोत एखादी मोजपट्टी किंवा निदान सोबत्याचा हात येऊ द्या, म्हणजे मागाहून माप काढता येते. आणि निघण्याआधी शेपटीसमोर उभे राहून ती उंच की आखूड, अंगावरचा क्रमांक कोणता, हे दोन्ही एकाच ओळीत लिहून घ्या.